आबांचा शब्द घरात चालतो का, ते विचारा

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एखाद्यानं आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवल्याची बातमी आली, की पारावर निकाल ठरलेलाच असतो : पोरानं माय-बाप टाकले. आईला अर्धांगवायू झाला आहे का, तिला उचलून न्हाऊ घालायला घरात कोण आहे, तिला स्वतःला काय हवं आहे, याची चौकशी कुणी करत नाही. सप्त्यातले कीर्तनकार या विषयावर घटकाभर बोलतात आणि श्रोते डोळे पुसतात. मोबाइलवर दर आठवड्याला एक रडवी गोष्ट फिरत येते. तिच्यात मुलगा परदेशात असतो, सून वाईट असते आणि आई आश्रमाच्या फाटकाशी वाट बघत मरते.

या निकालाला माझा विरोध आहे. तो चुकीचा आहे, आणि ज्यांच्या कळवळ्यापोटी तो दिला जातो त्या म्हाताऱ्या माणसांचंच त्यानं नुकसान होतं. आई-वडील टाकले गेले की नाही हे त्यांची खाट कुठं आहे यावरून ठरत नाही. घरात त्यांना विचारणं बंद झालं, त्यांच्या होकार-नकाराला किंमत उरली नाही, की ते टाकलेले असतात, मग ते ओसरीवर का बसलेले असेनात. उलट, नव्या जागी राहायला गेलेल्या माणसाचा शब्द घरात चालत असेल तर तो माणूस घरातलाच असतो. मात्र हे आपोआप होत नाही. दाखल केल्याच्या दिवसापासून लेकाला, लेकीला, सुनेला, नातवंडांना त्यासाठी राबावं लागतं. ते कसं राबायचं हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांची शक्ती दोष देण्यात खर्च होते.

आधी ‘घर’ म्हणून ज्याचा गौरव होतो त्याकडं नीट बघू. दोन-तीन भाऊ वेगळे झाले, वाटणी झाली, सातबाऱ्यावर फेरफार झाला, की आई-वडिलांचीही पाळी लागते. एक महिना थोरल्याकडं, एक मधल्याकडं, एक धाकट्याकडं. काही घरांत तर आई एकाच्या वाट्याला येते आणि वडील दुसऱ्याच्या. पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेली दोन माणसं मग लग्नाकार्यात भेटतात. महिना भरला की म्हातारी पिशवी भरते. दोन लुगडी, गोळ्यांची पाकिटं, चष्मा, कंगवा. महिना एकतीस दिवसांचा असेल तर वरच्या एका दिवसाचं जेवण कुणी घालायचं यावरून जावा-जावांत कुरबुर होते, आणि ती म्हातारीच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं होते. तीन घरं असून एकाही घरातल्या खुंटीवर तिचं स्वतःचं लुगडं कायमचं टांगलेलं नसतं. या व्यवस्थेला गावात कुणी टाकणं म्हणत नाही. तिला सांभाळणं म्हणतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायची, शिजवायची, वाळवायची वेळ येते तेव्हा घरातली सगळी माणसं दिवसभर शेतात असतात. अंथरुणाला खिळलेला माणूस घरी एकटा असतो. सकाळी कुणीतरी तांब्या भरून उशाशी ठेवतं आणि तो कलंडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा मिळत नाही. यात दुष्टपणा कुणाचाच नाही. शेत नाही केलं तर घर चालत नाही. ज्यांच्याकडं शेत नाही त्यांची मुलं पुण्याकडं किंवा हैदराबादकडं कामाला गेलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि शंभरातली ८५ माणसं खेड्यात राहत होती. म्हणजे इथल्या म्हातारपणाचा प्रश्न आलिशान फ्लॅटमध्ये एकट्या पडलेल्या आजीचा नाही. तो कुलूप न लावता ओढून घेतलेल्या दारामागच्या आजोबांचा आहे. त्यांना घरात ठेवलं एवढ्यानं त्यांची सेवा झाली असं मानणारा माणूस स्वतःची समजूत घालतो आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. ‘आपल्यात हे नव्हतं, ही शहरातून आलेली कीड आहे.’ पुण्यातली ‘निवारा’ ही संस्था आज अनेकांना वृद्धाश्रम म्हणून माहीत आहे. तिची सुरुवात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह म्हणून झाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातही घरात जागा नसलेली वृद्ध, अपंग माणसं होती आणि त्यांची सोय कुणालातरी करावी लागली, याचा तो दगड-विटांचा पुरावा आहे. तीर्थाच्या ठिकाणी, मठांच्या आणि धर्मशाळांच्या आसऱ्यानं शेवटची वर्षं काढणाऱ्या विधवा आणि निराधार म्हातारे आपल्याला नवे नाहीत. आपण त्यांना वृद्धाश्रमवासी म्हटलं नाही, इतकंच.

बदललं ते वेगळंच. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. त्या जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा मोठा वाटा होता हे खरं. तरीही अर्धांगवायूनंतर आठ-दहा वर्षं जगणारी, लघवीची नळी घेऊन जगणारी, लेकरांची नावं विसरून जगणारी माणसं प्रत्येक गावात असणं ही नवी गोष्ट आहे. साठीच्या पुढच्या शंभर भारतीयांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा देशभरच्या पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा माणसाला रात्रीतून चार वेळा उठवून लघवीला नेणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं हे रात्रंदिवसाचं काम आहे.

आणि हे काम करतं कोण? २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. ‘आमच्या घरात आई-वडिलांना आम्ही आश्रमाचं तोंड पाहू दिलं नाही’ असं पारावर बसून सांगणाऱ्या माणसानं वडिलांचं अंथरूण कोण बदलत होतं तेही सांगावं. निंदून-खुरपून घरी आलेल्या, कंबर धरलेल्या पंचावन्न वर्षांच्या सुनेच्या पाठीवर जी सेवा उभी असते तिचं श्रेय नवऱ्याला मिळतं. ती थकली की दोष मात्र तिला एकटीला.

तिसरा आक्षेप पुंडलिकाच्या आधारानं येतो. नर्सी नामदेव याच जिल्ह्यात आहे. आषाढीला शेगावची पालखी आमच्या गावांतून जाते. पुंडलिकाची कथा इथं लेकरालाही माहीत आहे आणि मलाही ती प्रिय आहे. म्हणूनच ती नीट ऐकावी. दारात देव उभा असताना पुंडलिकानं त्याला थांबायला लावलं, कारण त्याचं सगळं चित्त आई-वडिलांकडं होतं. कथेचा सगळा भार त्या लक्षावर आहे. पत्त्यावर नाही. ज्याच्या घरात वडील आहेत पण त्यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं ते ज्याला आठवत नाही, त्यानं पुंडलिकाचं नाव घेऊन दुसऱ्याला बोल लावू नये.

लाज काय करते ते आता सांगतो, कारण खरी हानी तिथं होते. गाव नावं ठेवील या भीतीनं कुटुंबं हा निर्णय चोरून घेतात. म्हाताऱ्या माणसाला सांगितलं जातं, ‘नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय’ किंवा ‘चार दिवस हवापालट’. गाडी आश्रमाच्या दारात थांबते, पिशवी आत जाते, मुलगा ‘औषध घेऊन येतो’ म्हणतो आणि परत येत नाही. नंतर फोनवर दोन वाक्यं. ज्या माणसानं आयुष्यभर बैल, बी आणि सोयरिकी स्वतः पारखून घेतल्या, त्याच्या आयुष्यातला शेवटचा मोठा निर्णय त्याला फसवून घेतला जातो. त्यानंतर त्याला तिथं करमलं नाही तर नवल काय? तो जेवण सोडतो, औषध थुंकतो, फाटकाशी जाऊन बसतो. मग लोक म्हणतात, बघा, आश्रमात माणूस खंगतो. तो फसवणुकीनं खंगलेला असतो, आणि त्या फसवणुकीत नावं ठेवणाऱ्यांचाही वाटा असतो.

उघडपणे केलं असतं तर काय करता आलं असतं? आधी दोन-तीन जागा त्याला स्वतःला दाखवता आल्या असत्या. तिथं एक दुपार जेवून, तिथल्या माणसांशी बोलून बघता आलं असतं. खोली कुठली, खिडकीजवळची खाट की दाराजवळची, सोबत काय न्यायचं, हे त्यानं ठरवलं असतं. पहिल्यांदा महिनाभरच राहून बघू, नाही पटलं तर परत, असा शब्द देता आला असता आणि तो पाळताही आला असता. ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असलेल्या माणसाचं ‘हो’ टिकतं.

इथं मला दुसऱ्या बाजूच्या लोकांचाही प्रतिवाद करायचा आहे. ते वृद्धाश्रमाला नावं ठेवत नाहीत, पण त्यांचा सल्ला तितकाच घातक आहे. ‘पहिला महिना भेटायला येऊ नका. तुम्ही आलात की ते रडतात. हळूहळू विसरतील, रुळतील.’ काही संस्थाचालक हे सांगतात, नातेवाईक हे सांगतात, आणि थकलेल्या कुटुंबाला ते ऐकायला सोयीचं वाटतं. मुलगा आल्यावर आई रडते म्हणून त्यानं येऊ नये, हा अजब हिशेब आहे. रडायला आपलं माणूस समोर लागतं. ते येईनासं झालं की रडणं थांबतं आणि चालक समाधानानं सांगतो, आता रुळल्या. भिंतीकडं तोंड करून गप्प पडलेल्या बाईला रुळलेली म्हणायला मी तयार नाही.

माणूस नव्या जागी कशानं टिकतो याचा अभ्यास झालेला आहे. १९७६ मध्ये एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात दोन मजल्यांवरच्या वृद्धांना दोन तऱ्हांनी वागवून पाहिलं. एका मजल्यावर सांगितलं की खोली कशी लावायची, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा हे तुम्ही ठरवा, आणि हे रोपटं तुमचं, त्याची निगा तुम्ही राखा. दुसऱ्या मजल्यावर तेवढ्याच प्रेमानं सांगितलं की सगळी काळजी आम्ही घेऊ, रोपट्याला पाणीही परिचारिका घालतील. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी, जास्त हालती-बोलती दिसली. दीड वर्षानंतर त्यांच्यातले मृत्यूही कमी होते. अभ्यासातली माणसं शंभरही नव्हती, म्हणून मृत्यूंच्या आकड्यावर मी भर देणार नाही. पण पहिल्या निष्कर्षासाठी कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. ज्याच्या हातून निर्णय गेला त्याच्या हातून उठणं-बसणंही जातं.

माझ्या ओळखीतले एक आबा परजिल्ह्यातल्या एका आश्रमात राहायला गेले. शेत सेनगाव तालुक्यात, मुलगा आणि सून तिथंच. आबांना डायलिसिस लागतं आणि त्याची सोय जवळ असावी म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं. पहिले काही दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मुलानं एक नेम धरला. रोज रात्री जेवणानंतर फोन, आणि फोनवर ‘कसे आहात, जेवलात का’ हे शेवटी. सुरुवात शेतापासून. पाऊस कुठपर्यंत आला, सोयाबीनवर कीड आहे का, कुठलं औषध फवारू. हळद निघाली तेव्हा तो हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातला त्या दिवसाचा भाव सांगायचा आणि विचारायचा, ‘आबा, काढायची का थांबायचं?’ आबा थोडा वेळ घेत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी चर्चा करत. मग म्हणत, ‘निम्मी काढ, निम्मी ठेव.’ आणि मुलगा खरोखर निम्मी ठेवायचा. पुढं भाव उतरला तेव्हा आबांनी चार दिवस स्वतःला बोल लावले, शेजाऱ्यानं त्यांची समजूत काढली, आणि त्यातून दोघांची सोबत जमली. त्या आबांना तिथं करमतं, कारण त्यांच्या डोक्यावर अजून घराची जबाबदारी आहे.

यावर कुणी म्हणेल, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भाव कुठला विचारता? बरोबर आहे. ज्याची वाचा किंवा स्मृती गेली त्याचा शब्द त्याच्या सवयींत असतो, आणि तो तिथल्या लोकांपर्यंत पोचवणं हे आपलं काम. एक कागद लिहून द्यावा आणि खाटेशी लावावा. याला आबा म्हणा, बाबा म्हटलेलं याला कळत नाही. उजव्या कानानं ऐकू येतं. चहा बशीतून पितो. आंघोळ पहाटे लागते, दुपारी घातली तर चिडतो. भाकरी ज्वारीची, वरणात कुस्करून. रात्री दोनदा उठतो, आणि आयुष्यभर खाली बसायची सवय असल्यानं कमोडशी गोंधळतो, तेव्हा धरायला माणूस हवा, नाहीतर पडतो. एकादशीला जेवायला आग्रह करू नका. तांड्यावरून आलेल्या आजीला घाबरली की फक्त गोरमाटी आठवते, तर तिच्या भाषेतले पाच-दहा शब्द कागदावर हवेत : पाणी, दुखतं, लघवी, भूक, घर. ‘मला गावाला जायचंय’ असं आजी विसाव्यांदा म्हणाली तर तिच्याशी वाद घालू नका आणि ‘उद्या नेतो’ असं खोटंही सांगू नका. गावात काय होतं, म्हशी किती होत्या, विहीर कुणी खणली, ते तिला विचारा. एवढा कागद भरायला एक संध्याकाळ पुरते. तो नसला तर नवा कामगार त्या माणसाला एक खाट-क्रमांक म्हणून ओळखतो.

पैशाचंही तसंच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळत असतील तर पासबुक त्या माणसाच्या हाती असू द्या. दरवर्षीचा हयातीचा दाखला वेळेवर द्या, नाहीतर जागा बदलल्याच्या गडबडीत पैसे बंद पडतात. नातू भेटायला आला की त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवता येणं ही म्हाताऱ्या माणसाची मोठी मिळकत असते. आणि घरी येणं थांबवू नका. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. तब्येत साथ देत असेल तर पोळ्याला, दिवाळीला, नातीच्या लग्नाला त्यांना आणा, पूजेला त्यांना पुढं बसवा, आणि घरातली त्यांची जागा दुसऱ्या सामानानं भरू नका.

काहींना वाटतं, कडक शिक्षा हाच उपाय. लातूर जिल्हा परिषदेनं नोव्हेंबर २०२० मध्ये ठराव केला की जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते आई-वडिलांना द्यायचे. ठरावाचं मी स्वागत करतो. ज्याला पगार आहे त्यानं आई उपाशी ठेवणं हा गुन्हाच मानला पाहिजे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहेच. उपविभागीय अधिकाऱ्याकडं वकिलाशिवाय अर्ज करता येतो, महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो, आणि सोडून देण्याच्या हेतूनं ज्येष्ठाला कुठंही टाकून जाणाऱ्याला कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सगळ्यात महत्त्वाचं कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर नावावर करून दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित खटल्यात या कलमाचा अर्थ उदारपणे लावला आणि मुलाला दिलेली मालमत्ता आईला परत दिली. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. सातबारा आधी आणि सेवा मागाहून, हा क्रम आमच्या जिल्ह्यात कित्येकांना भोवला आहे.

तरीही कायदा निर्वाह देऊ शकतो, रोजचा फोन देऊ शकत नाही. त्याच्या धाकानं घरात ठेवून घेतलेल्या आईला कुठल्या खोलीत ठेवलं, हे बघायला अधिकारी येत नाही. शिक्षेचा आग्रह धरणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की सोडून जाणाऱ्याला जरूर पकडा. पण सोय करून देणाऱ्याला, नेमानं भेटणाऱ्याला, विचारून चालणाऱ्याला त्याच पिंजऱ्यात उभं करू नका.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो : ‘हे पैसेवाल्यांचं काम आहे. १,५०० रुपये पेन्शनवाल्या म्हातारीला कोण घेतं?’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो वृद्धाश्रमाविरुद्ध जात नाही. तो चांगले, परवडणारे, जवळचे वृद्धाश्रम नसण्याविरुद्ध जातो. १९९५ मध्ये राज्यानं मातोश्री वृद्धाश्रम योजना जिल्ह्याला एक या हिशेबानं आणली, तेव्हा हिंगोली हा जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. २००७ च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की राज्य सरकारं टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम उभारू शकतील, सुरुवातीला जिल्ह्याला किमान एक, आणि त्यात किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांची सोय असेल. ‘उभारू शकतील’ या शब्दांत सगळी पळवाट आहे, कारण त्यात बंधन नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं. वाईट आश्रम आहेत, गर्दी करून माणसं कोंडणारे आहेत, हे मला मान्य आहे. त्यांना वचक बसवणारं विधेयक बारगळलं तेव्हा संस्कृतीच्या नावानं ओरडणाऱ्यांपैकी किती जण त्याबद्दल बोलले?

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या गावाला दीडशे खाटांची एक मोठी इमारत नको. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात तीस जणांचं एक छोटं घर, सरकारी रुग्णालयाच्या जवळ, एसटीच्या रस्त्यावर. पाच तिसा दीडशे. कायद्यातला आकडा तेवढ्यानं भरतो. ज्येष्ठांसाठी केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना आहे, आणि तिच्यात २५ जणांच्या वृद्धाश्रमालाही अनुदान मिळतं. म्हणजे लहान घराची कल्पना सरकारी चौकटीबाहेरची नाही. तालुक्यात सोय असली की शेतातून आलेला मुलगा बाजाराच्या दिवशी भेटून जाऊ शकतो, सून भाकरी घेऊन येऊ शकते, गावातला जुना जोडीदार पत्त्यांचा डाव मांडायला येऊ शकतो. दोनशे किलोमीटरवर ठेवलं की भेट सणावर जाते आणि मग सणही चुकतात. तिथंच दिवसापुरतं केंद्रही असावं. हळदीच्या दिवसांत सकाळी सोडायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. निम्म्या घरांना कायमच्या वृद्धाश्रमाची गरजही मग उरणार नाही.

१ ऑक्टोबरला जगभर ज्येष्ठ नागरिक दिन पाळतात, आणि दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, आपल्याकडं ग्रामसभा असते. ज्यांना माय-बापांचा खरोखर कळवळा आहे त्यांनी त्या सभेत दोन गोष्टी कराव्यात. गावात एकटे, अंथरुणाला खिळलेले किंवा पाळीनं फिरणारे म्हातारे किती आहेत याची यादी करावी, आणि त्या माणसांना स्वतःला काय हवं आहे ते विचारून यादीत लिहावं. मग तालुक्यात घर हवं असा ठराव त्या यादीसकट जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवावा. यादी करताना कुणाच्या घरी विचारणा होते आणि कुणाच्या घरी होत नाही ते आपोआप समोर येईल. दोष द्यायचाच असेल तर तेव्हा, आणि विचारणं बंद केलेल्या माणसाला द्यावा, मग त्याची आई आश्रमात असो की वाड्यात.